कण्यातील पाणी आणि उतारवयातील विस्मरण

दोन वर्षांपूर्वी आमच्या मामूंच्या पाठीच्या कण्यातील पाणी काढून तपासावे असे डॉक्टरांनी सांगितले, तेव्हा घरात जो गोंधळ उडाला त्यातून हा लेख जन्मास आला आहे. मामू म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. रेल्वेच्या कारखान्यात फिटर म्हणून त्यांची सारी हयात गेली. वय अडुसष्ट. दीडएक वर्षापासून ते एकच प्रश्न तासात चार वेळा विचारू लागले होते. पेन्शनचे पुस्तक पिठाच्या डब्यात सापडले. एका शुक्रवारी नमाजानंतर, चाळीस वर्षांच्या पायाखालच्या रस्त्याने घरी येताना चुकले आणि भलत्याच मोहल्ल्यातील एका किराणा दुकानाच्या पायरीवर जाऊन बसले. पुढे रात्रीची झोप उडाली. अंगणात कोणीतरी बसले आहे असे ते सांगू लागले. एका दवाखान्यात शांत झोपेसाठी म्हणून गोळी मिळाली, तिने दोन दिवसांत त्यांचे अंग लाकडासारखे ताठ झाले. ती गोळी बंद करून आम्ही मेंदूविकारांच्या डॉक्टरांकडे गेलो, आणि त्यांनी ही पाण्याची परीक्षा सुचवली.

मुमानींनी ऐकताच नकार दिला. "कमरेतून पाणी काढले की माणूस कायमचा लुळा पडतो, आमच्या गल्लीत झालेले आहे," असे त्या म्हणाल्या. मामेभावाचे म्हणणे निराळे होते. "ह्या वयात माणूस विसरायचाच, तपासून मिळणार काय?" शेवटी सर्वांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. मी विज्ञानाचा शिक्षक ना! परंतु खरे सांगावयाचे तर त्या वेळी मला त्या पाण्याविषयी दोन वाक्येही धड सांगता येईनात. आठ दिवसांची मुदत मागून घेतली, डॉक्टरांना पुन्हा पुन्हा जाऊन विचारले, मिळेल ते वाचले. त्यानंतर आपल्या न्यासाच्या निरनिराळ्या समारंभांत हाच प्रश्न मला तीन-चार कुटुंबांनी विचारला. म्हणून जे कळले ते येथे सांगतो.

"साठी बुद्धी नाठी" ही म्हण आपण सहज बोलून जातो आणि तिच्या आड एक मोठा आजार लपून राहतो. वयाबरोबर माणूस नाव विसरतो, चष्मा कोठे ठेवला ते विसरतो; थोड्या वेळाने आठवतेही. परंतु चष्मा हातात घेऊन तो कशासाठी असतो हे न उमगणे, नेहमीचा हिशेब न जमणे, घरचा रस्ता हरवणे, हे वयाचे लक्षण नव्हे. त्यास स्मृतिभ्रंश म्हणतात. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका देशव्यापी पाहणीप्रमाणे भारतात साठ वर्षांवरील लोकांपैकी ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसे स्मृतिभ्रंशाने ग्रस्त आहेत. त्यांत स्त्रियांचे प्रमाण पुरुषांहून अधिक. इतक्या घरांत हा आजार असून आपण त्याविषयी दाराआड कुजबुजतो, ह्याचे मला नवल वाटते.

आता मुख्य गोष्ट अशी की स्मृतिभ्रंश हा एकच रोग नव्हे. ताप हे जसे मलेरियाचेही लक्षण असते, विषमज्वराचेही आणि न्यूमोनियाचेही, तसेच हे आहे. सर्वांत अधिक आढळतो तो अल्झायमरचा रोग. दर दहा रुग्णांत सहा-सात त्याचे असतात. त्याखेरीज मेंदूच्या रक्तवाहिन्या तुंबल्याने होणारा, पार्किन्सनच्या जवळचा लेवी-पिंडांचा, कपाळामागच्या भागापासून सुरू होऊन आधी स्वभाव किंवा भाषा बिघडवणारा, असे कितीतरी प्रकार. आणि उतारवयात दोन-तीन विकार एकाच मेंदूत नांदत असणे ही तर नित्याची गोष्ट. वरून पाहता सर्वांचे रूप पुष्कळसे सारखे. उपचार मात्र सारखे नाहीत. मामूंना ताठ करणारी ती गोळी ह्याचेच उदाहरण होय. भास शमवणारी काही औषधे लेवी-पिंडांच्या रोगात धोक्याची ठरतात, आणि त्यामुळेच डॉक्टरांना त्या रोगाचा संशय आला.

कण्याच्या पाण्यापर्यंत जाण्यापूर्वी साध्या परीक्षा व्हावयास हव्यात, आणि त्या टाळून कोणी एकदम सुईची गोष्ट काढील तर कारण विचारावे. रक्तातील बी-१२ जीवनसत्त्व, थायरॉइड, साखर, सोडियम, उपदंशाची तपासणी, मेंदूचे चित्र, ऐकू नीट येते की नाही, मन खिन्न तर नाही, आणि घरातील औषधांचा डबा. हा डबा तर पहिल्याने पाहावा. झोपेच्या व ॲलर्जीच्या कित्येक गोळ्या म्हाताऱ्या माणसाचे डोके धूसर करतात. डोक्याला मार लागून कवटीखाली साठलेले जुने रक्त काढल्यावर माणूस पुन्हा भानावर आल्याची उदाहरणे कोणताही शस्त्रवैद्य सांगेल. मामूंच्या बाबतीत हे सर्व झाले. बी-१२ थोडे कमी निघाले, इंजेक्शने दिली, फरक पडला नाही. एम. आर. आय. मध्ये स्मरणाच्या भागाची थोडी झीज दिसली. पण ती कोणत्या रोगाची, हे चित्र सांगेना.

अडचण मूळचीच आहे. यकृताचा वा गाठीचा तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येतो. मेंदूचा तुकडा कोण काढू देईल? १९०१ साली जर्मनीत फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात ऑगुस्टे डेटर नावाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. तिला स्वतःचे नावही लिहिता येईना. डॉ. आलॉइस अल्झायमर ह्यांनी तिच्या बोलण्याची टिपणे ठेवली. १९०६ च्या एप्रिलमध्ये ती वारली तेव्हा तिचा मेंदू मागवून घेऊन त्यांनी तपासला, आणि त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्युबिंगेन येथील सभेत त्यात आढळलेले चट्टे व पेशींतील गुंते वर्णन केले. १९१० साली क्रेपेलिन ह्यांनी आपल्या ग्रंथात त्या रोगास अल्झायमरांचे नाव दिले. त्यानंतर कित्येक दशके खात्रीचे निदान मृत्यूनंतरच होत असे. तोवर सर्व अनुमान. आणि अनुमान किती फसते पाहा. २०१४ साली बापिन्यूझुमॅब नामक औषधाच्या मोठ्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. अल्झायमरचे म्हणून तज्ज्ञांनी निवडून घेतलेल्या रुग्णांपैकी, ज्यांच्यात ह्या रोगाकडे कल असणारे विशिष्ट जनुक नव्हते अशांच्या मेंदूची चित्रे काढली, तर त्यांतील एक-तृतीयांशाहून थोड्या अधिक लोकांत त्या रोगाचे चट्टेच नव्हते! जे नाहीच त्यावर औषध देऊन गुण कोठून येणार?

मेंदू उघडता येत नाही; पण मेंदूला धुऊन जाणारे पाणी मात्र हाती लागू शकते. मेंदू व मज्जारज्जू ह्यांभोवती एक स्वच्छ, पाण्यासारखा द्रव असतो. त्यास मेरुद्रव म्हणावे. नेपल्सचे दोमेनिको कोतुन्यो ह्यांनी १७६४ मध्ये त्याचे वर्णन केले. प्रौढ माणसाच्या अंगात एका वेळी हा द्रव सुमारे १५० मिलिलिटर असतो, म्हणजे चहाचे दोन लहान कप. परंतु दिवसभरात तयार होतो जवळजवळ अर्धा लिटर. मेंदूच्या आतील पोकळ्यांत तो पाझरतो, मेंदूवरून व कण्यातून फिरतो आणि रक्तात मुरतो. म्हणजे चोवीस तासांत तीनदा तरी सारे पाणी बदलते. झरा असलेल्या विहिरीसारखे. वाहता वाहता ते मेंदूच्या पेशींतून सुटलेली प्रथिने आपल्याबरोबर आणते. ओढ्याच्या पाण्यावरून वरच्या अंगाच्या गावात रंगाऱ्याची वस्ती आहे की साखर कारखाना, हे जाणत्याला कळते. त्यातलाच हा प्रकार.

मुमानींच्या भीतीचे उत्तर मला शरीररचनेच्या साध्या आकृतीत सापडले. आपला मज्जारज्जू कण्याच्या शेवटापर्यंत जात नाही. प्रौढांत तो कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली पाण्यात लोंबणारे मज्जातंतूंचे नुसते झुपके असतात. सुई घालतात ती तिसऱ्या-चौथ्या किंवा चौथ्या-पाचव्या मणक्यांच्या मधून, म्हणजे रज्जू संपल्यानंतर बरीच खाली. झुपक्यातील तंतू सुईपुढून बाजूस सरकतात, जसे पाण्यात सोडलेले दोरे सरकावेत. ही क्रिया १८९१ साली जर्मनीतील कील येथे हाइनरिख क्विंके ह्यांनी रूढ केली. म्हणजे तिला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. बाळंतपणाच्या शस्त्रक्रियेच्या वेळी कमरेत भुलीचे इंजेक्शन देतात तेही ह्याच जागी, ह्याच वाटेने. आमच्या घरातील दोन सुनांना ते मिळालेले होते! हे सांगितल्यावर मुमानी प्रथमच गप्प बसून ऐकू लागल्या. मग गल्लीतल्या त्या लुळ्या पडलेल्या माणसाचे काय? चौकशी केली तेव्हा कळले की त्याला मेंदूच्या आवरणाचा क्षय होता. आजार बळावलेला असताना निदानासाठी पाणी काढले, पुढे पाय गेले ते क्षयाने, आणि दोष मात्र सुईच्या माथी बसला.

तथापि ही परीक्षा अगदी निर्धोक आहे असे म्हणणे खोटेपणाचे होईल. मेंदूत गाठ असेल वा दाब वाढलेला असेल तर आधी स्कॅन पाहिल्याखेरीज सुई घालू नये. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर ती डॉक्टरांना अगोदर सांगावीच लागतात. कंबर एक-दोन दिवस दुखते. काहींना उठून बसल्यावर वाढणारी व आडवे होताच कमी होणारी अशी विशिष्ट डोकेदुखी जडते. युरोपादी देशांतील २३ केंद्रांत मिळून ३,८६८ रुग्णांची पाहणी २०१६ साली प्रसिद्ध झाली. तीत अशी डोकेदुखी शंभरांत सुमारे नऊ जणांना झाली, आणि बहुतेकांची आपोआप थांबली. बारीक व बोथट टोकाची सुई वापरल्यास हे प्रमाण उतरते. तरुणांपेक्षा वृद्धांस हा त्रास कमीच होतो. तेव्हा सुई कोणती वापरणार हे विचारण्यात काही संकोच नको.

आता त्या पाण्यात शोधतात काय ते पाहू. अल्झायमरांनी पाहिलेले चट्टे हे अमिलॉइड नावाच्या चिकट प्रथिनाचे. १९८४ साली ग्लेनर व वाँग ह्यांनी त्याची घडण उलगडली. त्यातील बेचाळीस दुव्यांची साखळी विशेष चिकट. तिला बेचाळीसचे अमिलॉइड म्हणू. निरोगी माणसात ती मेंदूतून सुटते आणि मेरुद्रवाबरोबर वाहून जाते. रोगात ती मेंदूतच चट्ट्यांत अडकते, म्हणून पाण्यात तिचे प्रमाण घटते, पुष्कळदा निम्म्यावर येते. येथे नवशिक्याचा गोंधळ होतो, माझाही झाला. रोग वाढला तर त्याचे प्रथिन पाण्यात वाढावयास हवे, कमी कसे? परंतु ओढ्याच्या वरच्या अंगाला बांध घातला की खालच्या गावी पाणी आटते. खालची टंचाई हीच वरच्या साठ्याची खूण.

दुसरे प्रथिन टाउ. मेंदूच्या पेशीतून मालाची ने-आण करणारे सूक्ष्म मार्ग असतात. टाउ त्या मार्गांना बांधून धरते. मामूंना समजावे म्हणून मी त्यास रुळांखालचे स्लीपर म्हटले, आणि ते त्यांना तत्काळ पटले. रोगात ह्या स्लीपरांवर फॉस्फेटचे कण नको तितके चिकटतात, ते रुळांपासून सुटतात आणि एकमेकांत गुंततात. हे गुंते म्हणजे अल्झायमरांनी पाहिलेली दुसरी खूण. फॉस्फेट चिकटलेले टाउ मेरुद्रवात वाढलेले दिसले तर अल्झायमरचा संशय बळावतो. एकूण टाउ मात्र कोणत्याही कारणाने पेशी मोडल्या तरी वाढते, पक्षाघातातही. त्याचा अर्थ ‘येथे मोडतोड चालू आहे’ इतकाच. १९९० नंतरच्या दशकात ही मापने पाण्यातून घेता येऊ लागली. ह्या कामात स्वीडनमधील गोटेनबर्ग विद्यापीठाचे काय ब्लेनो आणि त्यांचे सहकारी ह्यांचा वाटा मोठा आहे. मापन चालते पिकोग्रॅममध्ये. एक ग्रॅमचे लाख कोटी भाग केले तर त्यांतला एक भाग म्हणजे पिकोग्रॅम. एक मिलिलिटर पाण्यात असे काहीशे पिकोग्रॅम, आणि त्यांवर माणसाच्या घराण्याचे पुढचे बेत अवलंबून!

इतक्या बारीक मापात किती क्षुल्लक गोष्टीने घोटाळा होतो, ह्याचे एक उदाहरण सांगितल्यावाचून राहवत नाही. बेचाळीसचे अमिलॉइड चिकट असते हे वर आलेच. ते काचेच्या किंवा पॉलिस्टायरीनच्या नळीच्या भिंतीलाही चिकटते. मग पाण्यात कमी उरते, आणि निरोगी माणूस कागदावर रोगी ठरतो. त्यासाठी पॉलिप्रॉपिलीनची नळी लागते, आणि पाणी उगाच एका नळीतून दुसऱ्या नळीत ओतावयाचे नसते. आणखी एक युक्ती म्हणजे बेचाळीसच्या जोडीला चाळीस दुव्यांचे अमिलॉइडही मोजणे. चाळीसचे सहसा घटत नाही. दोहोंचे गुणोत्तर काढले की माणसामाणसातील मूळचा फरक बराच भरून निघतो. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०२२ च्या मे महिन्यात ज्या मेरुद्रव-परीक्षेस परवानगी दिली ती ह्याच गुणोत्तराची. प्रयोगशाळेगणिक मर्यादेचे आकडे निराळे असतात, म्हणून एका ठिकाणचा आकडा दुसऱ्या ठिकाणच्या आकड्याशी ताडून घाबरू नये.

अल्झायमरखेरीज इतर रोगांच्या खुणा अजून इतक्या नेटक्या नाहीत. न्यूरोफिलामेंट नावाचे प्रथिन मज्जातंतू तुटले की वाढते. कपाळामागच्या भागाच्या रोगात ते विशेष वाढते आणि केवळ मानसिक आजारात फारसे वाढत नाही; एखादा शांत गृहस्थ साठीत अचानक तिरसट व निलाजरा वागू लागला तर त्यातून काही निवाडा होतो. पण रोगाचे नाव ते सांगत नाही.

ह्याहून चमत्कारिक परीक्षा आहे ती विरजणाची. नाव माझे आहे, पण तत्त्व तेच. काही रोगांत प्रथिनाची घडी बिघडते, आणि बिघडलेला रेणू शेजारच्या धड रेणूलाही आपल्यासारखे करतो. चमचाभर दह्याने पातेलेभर दूध विरजते तसे. प्रयोगशाळेत शुद्ध, धड प्रथिनाच्या द्रावणात रुग्णाच्या मेरुद्रवाचा थेंब टाकतात, हलवत ठेवतात आणि चमकणाऱ्या रंगाने पाहतात. पाण्यात विरजण असेल तर सारे द्रावण विरजते. क्रॉइत्सफेल्ट-याकोब ह्या झपाट्याने नेणाऱ्या दुर्मिळ रोगात ही परीक्षा फार भरवशाची ठरली आहे. त्यातूनच पुढे पार्किन्सन व लेवी-पिंडांच्या रोगातील सायन्युक्लीन प्रथिनाची परीक्षा निघाली. २०२३ साली १,१२३ जणांवरील तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पार्किन्सनच्या शंभर रुग्णांपैकी सुमारे अठ्ठ्याऐंशींत तिने खूण पटवली. मामूंची ही परीक्षा झाली नाही. ती अजून ठिकठिकाणी होत नाही.

कधी कधी तर पाण्यातील प्रथिन नव्हे, पाणी काढणे हीच परीक्षा असते. मेरुद्रव मेंदूच्या पोकळ्यांत तुंबून राहण्याचा एक विकार आहे. माणूस पाय जमिनीला चिकटल्यासारखा घासत चालतो, लघवी आवरत नाही, आणि विसरू लागतो. १९६५ साली बोगोटाचे डॉ. सालोमोन हाकीम व त्यांचे अमेरिकन सहकारी रेमंड ॲडम्स ह्यांनी त्याचे वर्णन केले. अशा रुग्णाचे तीस ते पन्नास मिलिलिटर पाणी काढून त्यास पुन्हा चालावयास सांगतात. चाल सुधारली, तर पोटात उतरणारी बारीक नळी कायमची बसवून पुष्कळांना पुन्हा हिंडते-फिरते करता येते. ‘म्हातारपण आले’ म्हणून कोपऱ्यात बसवून ठेवलेल्यांत असा एखादा रुग्ण असू शकतो, ह्या विचाराने मला खरोखर अस्वस्थ व्हावयास होते.

आता मामेभावाचा प्रश्न. तपासून मिळणार काय? त्याला उत्तर देण्यापूर्वी ह्या परीक्षेची मर्यादा सांगितली पाहिजे. पाण्यात अमिलॉइडची खूण आढळली म्हणजे स्मृतिभ्रंश झालाच असे नव्हे. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या संकलनात, बुद्धी अगदी शाबूत असलेल्या लोकांपैकीही पन्नाशीत शंभरांत दहांच्या आणि नव्वदीत चव्वेचाळीस जणांच्या ठायी ही खूण सापडली. काही घराण्यांत कोवळ्या वयात येणारा आनुवंशिक अल्झायमर असतो. त्यांच्या २०१२ सालच्या अभ्यासात तर लक्षणे दिसण्याच्या अपेक्षित वेळेच्या पंचवीस वर्षे आधीपासून मेरुद्रवातील बेचाळीसचे अमिलॉइड उतरू लागल्याचे दिसते. म्हणून तक्रार काहीही नसताना, नुसत्या कुतूहलाने किंवा धास्तीने ही परीक्षा करून घेऊ नये. खूण दिसली की रोग म्हणावा, की लक्षणे दिसल्यावरच म्हणावा, ह्यावर २०२४ साली तज्ज्ञांचे दोन पक्ष पडले. मला लहान तोंडी मोठा घास घ्यावयाचा नाही. पण धडधाकट माणसाच्या कपाळी वीस वर्षे आधी शिक्का मारणारा पक्ष मला पटत नाही.

मामूंचे पाणी काढले त्या दिवशी त्यांना कुशीवर निजवून गुडघे छातीशी घ्यावयास सांगितले. जागा बधिर केली. दहा-बारा मिलिलिटर पाणी थेंबाथेंबाने गळाले, काचेसारखे स्वच्छ. शरीराला तेवढे पुन्हा भरून काढावयास अर्धा-पाऊण तास पुरतो. मामूंनी "झाले का?" म्हणून विचारले, मग पुन्हा विचारले, आणि चहा मागितला. डोके दुखले नाही. निकालात अमिलॉइडचे गुणोत्तर उतरलेले, फॉस्फेटचे टाउ चढलेले, म्हणजे अल्झायमरचे चित्र स्पष्ट. लेवी-पिंडांची शंका मात्र पुरती फिटली नाही, कारण दोन्ही विकार एकत्र असलेले रुग्ण पुष्कळ. डॉक्टरांनी ताठ करणारी ती गोळी कायमची वर्ज्य ठरवली आणि तिचे नाव एका कागदावर लिहून दिले. तो कागद आजही मुमानींच्या बटव्यात आहे.

रोग बरा करणारे औषध नाही. अमिलॉइड काढून टाकणारी लेकानेमॅब व डोनानेमॅब ही औषधे अमेरिकेत अनुक्रमे २०२३ व २०२४ साली मान्य झाली. लेकानेमॅबच्या अठरा महिन्यांच्या चाचणीत बुद्धीची घसरण सुमारे २७ टक्क्यांनी मंदावली, थांबली नाही. शिवाय मेंदूला सूज येण्याचा व बारीक रक्तस्रावाचा धोका राहतो. ती केवळ रोगाच्या आरंभी आणि अमिलॉइड खात्रीने असेल तरच द्यावयाची, आणि ती खात्री पेट स्कॅनने किंवा ह्या पाण्यानेच व्हावयाची. मामूंचा तो टप्पा ओलांडून गेला होता. ते साधी, जुनी गोळी घेतात. तिने किंचित बरे वाटते.

हल्ली रक्तावरून हेच निदान करण्याच्या परीक्षा निघाल्या आहेत, आणि २०२५ च्या मे महिन्यात अमेरिकेत त्यांतल्या एकीस मान्यता मिळाली. सुईपेक्षा ते केव्हाही सोपे. तथापि रक्तातील प्रमाण फारच अल्प, काहींचा निकाल ‘हो’ आणि ‘नाही’ ह्यांच्या मधे लोंबकळतो, आणि मूत्रपिंडे दुबळी असली तर टाउचा आकडा आपोआप चढतो. आपल्याकडे मधुमेहाने मूत्रपिंडे दुबळी झालेली वृद्ध माणसे किती आहेत हे सांगावयास नको. अशा वेळी पुन्हा कण्याच्या पाण्याकडेच वळावे लागते.

येथे आपल्या हैदराबादची एक गोष्ट आठवली ती सांगून टाकतो. आपल्याच शहरातील निजाम्स इन्स्टिट्यूटच्या स्मृतिचिकित्सालयातील ६४८ रुग्णांच्या नोंदींवरून डॉ. सुवर्णा अल्लाडी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली दाखवून दिले की, एकच भाषा बोलणाऱ्यांपेक्षा दोन वा अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची लक्षणे सुमारे साडेचार वर्षे उशिरा दिसली. निरक्षरांतही हा फरक आढळला, म्हणजे तो केवळ शाळेचा प्रताप नव्हे. आपल्या न्यासातील घरोघरी मराठी, दखनी, तेलुगू अशी तिहेरी बोली चालते. मामू तिन्ही बोलत. कदाचित त्यांचीही काही वर्षे त्यामुळे वाचली असतील. मोजावयास मार्ग नाही.

निदानाचा आमच्या घराला जो उपयोग झाला तो असा. मुमानी त्यांच्यावर रागावत असत, की मुद्दाम करतात, कामचुकारपणा आहे. तो राग निकालाच्या दिवशी संध्याकाळीच गेला. तोवर गंडे, काढे आणि दर महिन्याला नवा डॉक्टर ह्यांत पैसा जात होता, तो थांबला. आणि मामूंना अजून समजत होते तोवर घराचे कागद, बँकेतील वारसाचे नाव, धाकट्या मुलीचा हिस्सा, ह्या सर्वांविषयी त्यांना स्वतः विचारता आले. सही करताना त्यांचा हात थोडा अडला. मामेभावाने कागद ओढून घेऊ नये म्हणून मी मधे बसलो होतो. मामूंनी तिन्ही पाने सावकाश वाचली, एका ठिकाणी धाकटीच्या नावातील वेलांटी चुकलेली होती ती दाखवली, आणि दुरुस्त झाल्यावरच सही केली.